यवतेश्वरचा घाट आणि बारा तासांची मुदत : पहिल्या अल्ट्रा शर्यतीच्या निवडीचे एक प्रकरण

सप्टेंबर २०२३ मध्ये, सातारा हिल हाफ मॅरेथॉन आटोपल्यानंतरच्या आठवड्यात, आमच्या धावण्याच्या गटातील एक सदस्या हातात शंभरपानी वही घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आल्या. वय ४४, साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत गणिताच्या शिक्षिका, धावण्याचा अनुभव सहा वर्षांचा. तोवर त्यांनी तीन पूर्ण मॅरेथॉन पळून पूर्ण केल्या होत्या आणि त्यांतील उत्तम वेळ ४ तास ४१ मिनिटे होती. आठवड्याला साधारण ४५ किलोमीटर धावणे होई. पुढच्या वर्षभरात ४२ किलोमीटरच्या पलीकडची, म्हणजे अल्ट्रा, शर्यत करायची हे त्यांनी मनाशी पक्के केले होते, मात्र कोणती ते ठरत नव्हते. गटातील प्रत्येकाने आपापल्या आवडीची शर्यत सुचवून ठेवली होती. त्यांची ओळख पटू नये म्हणून नाव येथे दिलेले नाही, मात्र वहीतील आकडे त्यांच्या संमतीने वापरले आहेत.

वहीत तीन नावे होती. पहिले सिंहगड-राजगड-तोरणा मार्गावरील ५३ किलोमीटरची डोंगरी शर्यत, जी डिसेंबरात होते. दुसरे लडाखमधील खारदुंग ला चॅलेंज, ७२ किलोमीटर, सप्टेंबरात. तिसरे दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन, जी जूनमध्ये होते आणि नावात मॅरेथॉन असली तरी २०२४ साली तिचे अंतर ८५.९१ किलोमीटर होते. बाईंनी तिन्ही नावांपुढे फक्त अंतर लिहिले होते आणि ५३ वरून ७२, ७२ वरून ८६ असे चढत्या क्रमाने अवघडपण मानले होते. पहिल्यांदाच लांब शर्यत निवडणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. वही त्यांना परत देऊन प्रत्येक नावापुढे आणखी तीन रकाने आखायला सांगितले : मुदत किती, पायाखाली काय आणि तयारीचे शेवटचे तीन महिने कोणते.

गणिताच्या शिक्षिकेला पहिला रकाना भरायला पाच मिनिटे लागली. कॉम्रेड्सची मुदत बारा तासांची, म्हणजे ७२० मिनिटांत ८५.९१ किलोमीटर, किलोमीटरला ८ मिनिटे २३ सेकंद. खारदुंग लाची मुदत चौदा तास, म्हणजे किलोमीटरला ११ मिनिटे ४० सेकंद. कागदावर लडाखची शर्यत कितीतरी सोपी दिसते. पण तिची वाट ५,३०० मीटरांहून उंच खिंडीतून जाते, तेथे श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, आणि साताऱ्यात राहून त्याची तयारी करण्याचा कोणताही मार्ग नाही. आधी जाऊन लेहमध्ये मुक्काम करणे आणि शरीराला हळूहळू उंचीची सवय होऊ देणे एवढाच उपाय आहे, आणि त्यासाठी किमान दहा-बारा दिवसांची रजा लागते. सप्टेंबरात शाळा ऐन भरात असते आणि गणपतीही त्याच सुमारास येतात. त्यामुळे ते नाव तेथेच खोडले गेले.

सिंहगड-राजगड-तोरण्याचे नाव खोडताना मात्र प्रस्तुत लेखकाला वाईट वाटले, कारण आपल्या दारातल्या सह्याद्रीएवढा चांगला गुरू दुसरा नाही. पण या वाटेवर खरी परीक्षा अंतराची नसून मुरमाच्या घसाऱ्यावरून उतरण्याची असते, आणि बाईंना मोकळ्या कड्याशेजारी चालताना भोवळ आल्यासारखे होई. त्यांनी हे गटात कधी बोलून दाखवले नव्हते. शिवाय शर्यत तीन महिन्यांवर होती आणि शाळेचे स्नेहसंमेलन डिसेंबरातच. ज्या भीतीवर वर्षभर काम करायला हवे तिला तीन महिन्यांत डोंगरावर नेऊन उभे करणे हे धाडस नव्हे, निष्काळजीपणा आहे, असे लेखकाचे मत होते आणि आजही आहे.

उरली कॉम्रेड्स. पीटरमॅरित्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांमधील ही डांबरी रस्त्याची शर्यत पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपहॅम या सैनिकाने मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ जण धावले आणि १६ जण पोहोचले. आज सुमारे वीस हजार धावतात. दिशा बहुधा एकाआड एक वर्षी बदलते : डर्बनहून चढणीची ती ‘अप रन’, पीटरमॅरित्झबर्गहून समुद्राकडे उतरणीची ती ‘डाउन रन’. २०२४ चे वर्ष अप रनचे होते. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७५ पासून मिळाला. ७ जून १८९३ च्या रात्री तरुण बॅरिस्टर गांधींना गाडीतून उतरवले गेले ते स्थानकही पीटरमॅरित्झबर्गचेच. या सगळ्यामुळे भारतीय धावपटूंना या शर्यतीची ओढ वाटते, आणि बाईंनाही ती होतीच. तरीही निवड ओढीवर झाली नाही. ९ जून २०२४ हा दिवस उन्हाळी सुट्टीत पडत होता, त्यामुळे सर्वांत लांब सराव दहावीचे पेपर तपासून झाल्यानंतर, एप्रिल-मे महिन्यांत बसत होता. रस्ता डांबरी होता. चढणीला घराशेजारचा यवतेश्वरचा घाट होता. आणि मुलगी त्या वर्षी अकरावीत होती. पुढच्या वर्षी बारावी, म्हणजे घरातून पहाटे तीनला बाहेर पडण्याची मुभा मिळण्याचे हे एकच वर्ष होते. खर्चासाठी शिक्षक पतपेढीचे कर्ज घ्यायचे ठरले. हा रकाना वहीत नव्हता, तो त्यांच्या यजमानांनी आखला.

तयारीची सुरुवात धावण्याने झाली नाही. चढ संपताना येणारी अवाजवी धाप आणि दुपारी वर्गावर उभे राहताना येणारा थकवा यांबद्दल त्या बोलल्या, तेव्हा आधी रक्त तपासून घेण्यास सांगितले. हिमोग्लोबिन ११.४ निघाले. स्त्रियांसाठी १२ च्या खाली ते कमी मानतात. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही बरेच खाली होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाला लागून चहा घेणे बंद करायला सांगितले, कारण चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही. जेवणानंतरचा चहा सोडणे हा या संपूर्ण वर्षातील सर्वांत कठीण सराव होता असे बाई आजही सांगतात. जानेवारीपर्यंत हिमोग्लोबिन १२.८ वर आले आणि त्याच चढावर, त्याच नाडीच्या ठोक्यांना, किलोमीटरमागे जवळजवळ पाऊण मिनिट वाचू लागले. चाळिशीतील स्त्रियांना अंतर वाढवण्याचे वेळापत्रक देणाऱ्या प्रत्येकाने आधी हा अहवाल मागावा असे लेखकाला वाटते. आम्ही तो आधी कधीच मागितला नव्हता.

कॉम्रेड्सच्या प्रवेशासाठी ठरलेल्या काळात एक मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत पूर्ण केल्याचा दाखला लागतो. बाईंची जुनी वेळ त्यात बसणारी होती, पण त्या काळातली नव्हती. म्हणून २१ जानेवारी २०२४ ची मुंबई मॅरेथॉन निवडली. तेथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. पात्रतेची वेळ केवळ दार उघडत नाही, ती आरंभरेषेवर तुम्ही किती मागे उभे राहणार हेही ठरवते, आणि त्या वर्षी कॉम्रेड्सचे बारा तास तुम्ही रेषा ओलांडल्यापासून नव्हे तर बंदुकीच्या बारापासून मोजले जाणार होते. मागच्या गटातल्या माणसाची काही मिनिटे उभ्या उभ्याच जातात. म्हणून पेडर रोडचा दुसरा चढ चालत काढण्याचा मोह टाळायचा असे ठरले होते आणि त्यांनी तो टाळला. वेळ आली ४ तास ३४ मिनिटे.

फेब्रुवारीत लोणावळ्याची ५० किलोमीटरची अल्ट्रा केवळ सराव म्हणून धरली. तेथे आमच्या आखणीतील मोठी चूक उघडी पडली. शर्यत सावकाश, बोलत बोलत, सात तासांहून थोड्या अधिक वेळात पार पडली, पण नंतरचे चार दिवस बाई शाळेचा जिना उलट्या पावलांनी, कठडा धरून उतरत होत्या. मुले हसत होती. चढताना काहीच दुखत नव्हते. कारण विचारता विचारता कळले की त्या यवतेश्वरचा घाट आठवड्यातून दोनदा धावत चढत आणि गुडघे सांभाळावेत म्हणून यजमानांच्या दुचाकीवरून खाली येत. शर्यत अप रन आहे, मग उतरण्याचा सराव कशाला, असा त्यांचा तर्क होता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्यांना कधी हटकले नव्हते.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचे वजन झेलतो आणि ब्रेकसारखा काम करतो. या दुसऱ्या प्रकारात स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा अधिक होते, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकू लागते. पण अशी मर्यादित इजा एकदा होऊन भरून आली की पुढचे कित्येक आठवडे तोच स्नायू तेवढ्याच उताराला दाद देत नाही. म्हणजे उतार हा टाळण्याचा नव्हे तर मोजून घेण्याचा डोस आहे. कॉम्रेड्सच्या अप रनमध्येही बोथाज हिलवरून अर्ध्यावरच्या ड्रमंडकडे आणि पुढे इंचांगाच्या माथ्यावरून मोठे उतार येतात, आणि त्यानंतर अर्धी शर्यत शिल्लक असते.

मार्चपासून दुचाकी घरी राहिली. पहिल्या आठवड्यात घाटातला फक्त दोन किलोमीटरचा उतार, तोही आखूड पावलांनी, टाचेवर न आपटता. दर दहा दिवसांनी त्यात एक किलोमीटरची भर घातली. एप्रिलच्या मध्यापर्यंत बाई कासच्या रस्त्याने वर जाऊन संपूर्ण घाट धावत उतरू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावर सरळ तोंडाने दिसू लागल्या. त्यांनी स्वतःची एक खूण शोधली होती : पावलांचा आवाज आला तर वेग जास्त आहे. उजाडण्यापूर्वीच्या घाटात, डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात, आपल्या पायांचा आवाज ऐकू येऊ न देता उतरायचे, ही त्यांची रीत आता आमच्या गटातील नवे धावपटूही वापरतात.

साताऱ्यातील एप्रिल-मे आणि दक्षिण आफ्रिकेतील जूनचा हिवाळा यांत मोठा फरक असला तरी उन्हाळ्यातील सरावाने पाण्याचा हिशेब शिकवला. बाई निघण्यापूर्वी आणि परतल्यावर घाम पुसून वजन करीत. एका रविवारी निघताना वजन ५६.४ किलो भरले आणि तीन तासांनी ५५.१. मधल्या काळात त्यांनी दीड लिटर पाणी प्यायले होते. म्हणजे १.३ आणि १.५ मिळून २.८ लिटर घाम, तासाला सुमारे ९०० मिलिलिटर. त्यावर त्यांचा पहिला निष्कर्ष असा की तासाला ९०० मिलिलिटर पाणी प्यायला हवे, आणि हा निष्कर्ष धोकादायक होता. संथ धावपटू दहा-बारा तास वाटेत खाण्यापिण्यासाठी मांडलेल्या प्रत्येक टेबलावर पाणी पीत राहिला तर रक्तातील सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येऊ शकते. या विकाराची पहिली नोंद झालेल्या धावपटूंमध्ये १९८० च्या दशकातील कॉम्रेड्सचे धावपटूही होते, आणि टिम नोक्स या दक्षिण आफ्रिकी वैद्यकाने तो १९८५ मध्ये शोधनिबंधातून मांडला. शर्यतीनंतर वजन थोडे कमी भरणे स्वाभाविक आहे, वाढलेले भरणे हे वाईट लक्षण. म्हणून नियम साधा ठेवला : तहानेपुरते प्यायचे, आणि बोटातली अंगठी घट्ट वाटू लागली तर थांबून विचार करायचा. वेदनाशामक गोळी पिशवीत ठेवायची नाही हेही तेव्हाच ठरले, कारण शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात.

खाण्याच्या बाबतीत लक्ष्य तासाला ४० ते ५० ग्रॅम कर्बोदके असे होते. बाजारात धावपटूंसाठी मिळणाऱ्या साखरेच्या घट्ट जेलची गोडी त्यांना तिसऱ्या तासानंतर नकोशी होई. पर्याय घरातच सापडले : मीठ-लिंबू लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याची चिक्की, खजूर. पोटही स्नायूसारखेच सरावते, म्हणून प्रत्येक लांब धावण्यात घड्याळाकडे पाहून दर चाळीस मिनिटांनी खायचे, भूक असो वा नसो. कॉम्रेड्सच्या टेबलांवर मीठ लावलेले बटाटे मिळतात हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला तो व्हिसा मिळाल्यावरही झाला नाही.

सर्वांत लांब धाव एप्रिलच्या अखेरीस, शर्यतीच्या सहा आठवडे आधी, ५६ किलोमीटरची. त्याहून अधिक अंतर सरावात घेतल्यास भरून येण्यातच महिना जातो. जानेवारी ते मे मिळून अकराशे किलोमीटरच्या आसपास धावणे झाले आणि सर्वांत भरगच्च आठवडा ८४ किलोमीटरचा होता. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरते ठेवले. या काळात पाय हलके व मन जड होते. बाईंना रोज एक नवे दुखणे सापडत होते आणि त्यांतले एकही खरे नव्हते.

शर्यतीची आखणी मुदतीकडून उलटी केली. लक्ष्य ११ तास ४० मिनिटे. त्यातून आरंभी उभे राहण्याची दहा आणि थांबण्याची दहा मिनिटे वजा केल्यास उरतात ६८० मिनिटे, म्हणजे प्रत्यक्ष चालता-पळताना सरासरी किलोमीटरला ७ मिनिटे ५५ सेकंद. सपाटीवर सहा मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे, मोठ्या चढांवर विजेचे खांब मोजून दोन धावत, एक चालत. अप रनमध्ये काउवीज हिल, फील्ड्स हिल आणि बोथाज हिल हे पहिले तीन मोठे चढ अर्ध्या वाटेच्या आतच येतात. तेथे मागे पडल्यासारखे वाटले तरी चालायचे, असे वहीत लाल शाईने लिहिले होते.

९ जूनच्या पहाटे साडेपाच वाजता, डर्बनच्या सिटी हॉलसमोर, प्रथेप्रमाणे कोंबड्याची ध्वनिमुद्रित बांग झाली आणि पाठोपाठ बार झाला. बाईंना रेषा ओलांडायला नऊ मिनिटे लागली. वाटेत पाणी प्लॅस्टिकच्या पाऊचमधून मिळते. युरोपातून आलेले धावपटू ते कसे फोडावे या विवंचनेत असताना, यात्रा-जत्रांमध्ये वाढलेल्या बाईंनी कोपरा दातांनी तोडून पुढची वाट धरली होती. ड्रमंडला त्या ५ तास ३५ मिनिटांनी पोहोचल्या, मांड्या शाबूत होत्या, आणि इंचांगाही आखणीप्रमाणे सरला.

बिघाड कॅम्परडाउनजवळ, साधारण साठ किलोमीटरनंतर झाला. अर्ध्या वाटेवर बरे वाटत असल्यामुळे त्यांनी बटाटे सोडून सलग चार टेबलांवर कोला घेतले होते, जे सरावात एकदाही घेतले नव्हते. थंड हवेत तहान कमी, त्यामुळे सोबत पाणीही कमी. इतकी साखर एकदम पोटात गेली की ती पातळ करण्यासाठी शरीर आतड्यांत पाणी ओढून घेते, पोट रिकामे होत नाही आणि मळमळ सुरू होते. त्यांना दोन उलट्या झाल्या. पुढची पंचवीस मिनिटे त्या फक्त चालल्या, घोट घोट साधे पाणी घेत आणि काहीही न खाता. मग अर्धा बटाटा, दहा मिनिटांनी उरलेला अर्धा. उम्लास रोडच्या आसपास, जेथे हा मार्ग सर्वांत उंचावर पोहोचतो, त्या पुन्हा धावू लागल्या. त्या पंचवीस मिनिटांत वेळेचे काय, असे नंतर विचारले असता त्यांनी सांगितले की वहीतली वजाबाकी पाठ होती आणि चालूनही बाकी शून्याच्या वर राहत होती, म्हणून भीती वाटली नाही.

पॉली शॉर्ट्स हा शेवटचा चढ शेवट आठेक किलोमीटरवर असताना येतो. तो त्यांनी संपूर्ण चालत काढला. स्कॉट्सव्हिल रेसकोर्सवरील अंतिम रेषेवर त्या बंदुकीच्या बारापासून ११ तास ४१ मिनिटांनी पोहोचल्या. अकरा ते बारा तासांतील धावपटूंना मिळणारे व्हिक क्लॅपहॅम पदक त्यांना मिळाले. एकोणीस मिनिटांनी, अंतिम रेषेकडे पाठ करून उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने शेवटचा बार काढला. त्या वेळी काही पावलांवर असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना गळ्यात पदक न घेता थांबावे लागताना बाईंनी पाहिले. फोनवर त्या पदकाविषयी फार बोलल्या नाहीत, त्या गृहस्थांविषयीच बोलत राहिल्या.

आमच्या बाजूने या प्रकरणात दोन दोष राहिले. उतारांचा सराव दोन महिने उशिरा सुरू झाला, तोही लोणावळ्याने डोळे उघडले म्हणून. आणि खाण्याचा सराव फक्त उन्हाळ्यात झाल्याने, थंडीत तहान मंदावल्यावर तेच पोट कसे वागेल याचा अंदाज नव्हता. आता शर्यतीच्या टेबलावर जे मिळणार आहे ते एका तरी लांब धावण्यात, पहाटेच्या गारव्यात, घ्यायला लावतो.

पहिल्या दोन कॉम्रेड्स लागोपाठच्या वर्षी पूर्ण करणाऱ्यास एक वेगळे, ‘बॅक टू बॅक’ पदक मिळते, आणि ती संधी आयुष्यात एकदाच येते. २०२५ ची शर्यत डाउन रनची, ८९.९८ किलोमीटरची होती. उतारासाठी बाईंचे पाय कधी नव्हे इतके तयार होते. प्रवेश सुरू झाले तेव्हा त्यांनी तीच शंभरपानी वही काढली आणि तयारीच्या महिन्यांचा रकाना भरला. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलीची बारावीची परीक्षा, मे महिन्यात वैद्यकीय प्रवेशाची. नाव नोंदवले नाही.